सोमवारकर

सोमवारी सकाळी कसाऱ्याकडून येणारी लोकल खर्डीला थांबते आणि पाठीवर लॅपटॉपची सॅक, एका हातात इस्त्रीच्या कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात घरच्या चटणीची बरणी असा जो गृहस्थ उतरतो, तो सोमवारकर. त्याचं खरं आडनाव गावाला ठाऊक नसतं आणि लागतही नाही. गाव त्याला कामावरून ओळखतं. बोगद्याचे साहेब, तिसऱ्या लाइनचे साहेब, टॉवरचे साहेब, नळयोजनेचे साहेब. शनिवारी दुपारी मळके कपडे आणि रिकामी बरणी घेऊन तो उलट्या दिशेने जातो. मधल्या पाच रात्री तो खर्डीत काढतो आणि त्या पाच रात्री आपण खरंच खर्डीत काढल्या, हे लांबच्या कुठल्यातरी एसी ऑफिसातल्या माणसाला लेखी पटवून देण्यात बाकीचं आयुष्य घालवतो.

हे मी छातीठोक सांगतो, कारण पटवून देण्याचे ते सगळे कागद माझ्याकडे निघतात. स्टेशनबाहेर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, आधार, लॅमिनेशन, पावती पुस्तक, रेव्हेन्यू स्टॅम्प, सगळं मिळतं. गावाला सोमवारकर फक्त येताजाता दिसतो. मला तो कलमवार दिसतो.

खर्डीला ही जमात नवी नाही. आगगाडी 1861 साली कसाऱ्यापर्यंत आली आणि 1865 साली थळ घाट चढून इगतपुरीला गेली. तेव्हापासून कोणी ना कोणी साहेब काहीतरी मोजायला या मुलखात येऊन राहिलेलाच आहे. 1892 साली तानसा धरण झालं. पुढे वैतरणेवर मोडकसागर, मग भातसा, 2014 साली मध्य वैतरणा. दरवेळी बाहेरून साहेब आले, राहिले, काम संपवून गेले, आणि पाणी त्यांच्याही पुढे मुंबईला गेलं. आज मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ अर्धा वाटा एकटं भातसा उचलतं आणि मे महिन्यात आमच्या पाड्यांवर टँकर फिरतो. गोऱ्या साहेबाला बंगला मिळाला, नंतरच्या साहेबाला सरकारी रेस्ट हाउस मिळालं. आत्ताच्या साहेबाला पॉलिसी मिळते.

पॉलिसी म्हणजे काय ते समजायला एकच सोमवारकर नीट बघू. हा नाशिकचा. समृद्धी महामार्गाच्या कामावर आलेला. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा हा रस्ता, आणि त्यातला शेवटचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा तुकडा सगळ्यात हट्टी. सह्याद्री फोडून जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा काढायचा, तो आमच्या शहापूर तालुक्यात उतरवायचा आणि पुढे दऱ्यांवरून पूल टाकत न्यायचा. असल्या कामाला वर्षं लागतात, आणि वर्षं लागली की खोली लागते.

पहिल्याच भेटीत मी विचारलं, "साहेब, कंपनी कुठली?"

"रस्ता महामंडळाचा," तो म्हणाला. "काम मोठ्या कंपनीचं. तिने त्यातलं थोडं मधल्या कंपनीला दिलंय. मी बसतो मधल्या कंपनीच्या ऑफिसात, पण माझा पगार करते माणसं पुरवणारी चौथी कंपनी."

"मग खोलीचं भाडं देणार कोण?"

"आधी मी. मग मला चौथी देणार. चौथीला मधली देणार, मधलीला मोठी देणार, मोठीला महामंडळ देणार."

"आणि महामंडळाला?"

"महामंडळाला तुम्ही. टोल."

एवढं स्पष्ट बोलणारा माणूस म्हणून मला तो तिथेच आवडला.

त्याचं काम बिलिंगचं. पोटठेकेदारांनी किती खोदलं, किती ओतलं, किती सळई बांधली, हे मोजून त्याचं बिल करायचं. लाखांचं बिल त्याच्या एका सहीने पुढे सरके, कोटींचं दोन सह्यांनी. आणि याच माणसाचं वडापाव-चहाचं 140 रुपयांचं व्हाउचर तीन महिने 'होल्ड'वर असे. कारण वडापाववाल्याने दिलेल्या पावतीवर तारीख नव्हती. खरं तर पावतीही नव्हती. वर्तमानपत्राच्या कपट्यावर त्याने हौसेने 140 लिहून दिलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याकडे कोणीतरी लेखी मागितलं म्हणून खाली सही ठोकली होती.

पॉलिसी अशी होती. लॉजमध्ये राहिलात तर रात्रीला 1,500 रुपयांपर्यंत, फक्त जीएसटी नंबरचं बिल जोडा. खोली घेतलीत तर महिन्याला 4,000 रुपयांपर्यंत, सोबत खालील कागद जोडा. म्हणजे महिन्याच्या बावीस रात्री लॉजमध्ये काढल्या तर 33,000 रुपये बिनबोभाट मंजूर आणि 4,000 रुपयांच्या खोलीला चौकशी आयोग. कंपनीचे 29,000 वाचवायचे असतील तर तसं आधी सिद्ध करावं लागणार होतं.

लॉजचा प्रयोग त्याने करून पाहिला. हायवेवरच्या लॉजमध्ये बिल फार सुंदर मिळतं. छापील, नंबर घातलेलं, तिरक्या शिक्क्याचं. हजार रुपयांच्या आतल्या खोलीवर 18 जुलै 2022 पर्यंत जीएसटी नव्हता, त्या दिवसापासून बारा टक्के लागला, त्यामुळे बिल आणखीच भरदार दिसू लागलं. फक्त झोप मिळत नसे. रात्रभर खिडकीखाली घाटातून उतरलेले ट्रक ब्रेक थंड करत उभे आणि त्यांचे क्लीनर एकमेकांना दुसऱ्या राज्याच्या भाषेत हाका मारत असत. शेजारच्या खोलीत दर दोन तासांनी नवा पाहुणा. चौथ्या सकाळी सोमवारकर तारवटलेल्या डोळ्यांनी दुकानात आला आणि म्हणाला, "कागद एक नंबर आहे हो, पण अंग दुखतंय. खोली बघा."

खोली दादांकडे मिळाली. दादांची थोडी जमीन समृद्धीत गेली. सरकारने पाचपट दराने मोबदला दिला तेव्हा गावात कोणी बोलेरो घेतली, कोणी लग्नं उरकली. दादांनी गोठा पाडून तीन खोल्या काढल्या. म्हशी गेल्या, सोमवारकर आले. दादांच्या मते देखभालीला दोन्ही सारखेच, फक्त म्हशींना पावती लागत नसे.

आता कागद. चौथ्या कंपनीच्या अकाउंट्सने यादी पाठवली: नोंदणी केलेला भाडेकरार, घराच्या मालकीचा पुरावा, मालकाचं पॅन, ताजं लाइट बिल आणि दरमहा रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केलेली पावती. सगळं ओरिजिनल, झेरॉक्स चालणार नाही. ही शेवटची अट मला व्यक्तिशः लागली.

मी यादी दादांना वाचून दाखवली. दादा ओट्यावर विडी पेटवत होते.

"घर तुमच्या नावावर आहे ना?" सोमवारकराने विचारलं.

"नावावर कशाला? घरात मी हाय ना."

घर गावठाणातलं, त्यामुळे सातबारा नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढला तर तो दादांच्या आजोबांच्या नावाने निघाला. लाइट बिल आजोबांच्या भावाच्या नावाने निघालं. दोघेही वारून युगं झाली होती, पण बिल वेळेवर भरत होते. वारस नोंद करायची तर चार भाऊ आणि दोन बहिणींच्या सह्या हव्यात. त्यातली मुरबाडला दिलेली बहीण एका आंब्याच्या झाडावरून बोलत नाही. म्हणजे सोमवारकराला 4,000 रुपये परत मिळण्याच्या मार्गात मुरबाडचा एक आंबा उभा राहिला.

"पॅन तरी द्या," तो म्हणाला.

"पॅन दिलं की दिल्लीत कळतं."

सोमवारकर कायद्याने वागणारा. त्याने दादांना सांगितलं की घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तरच मालकाचं पॅन मागतात, तुमचं तर 48,000 च होतं, घाबरू नका. दादा म्हणाले, मग मागता कशाला? तो म्हणाला, मी मागत नाही, अकाउंट्स मागतं. दादा म्हणाले, मग अकाउंट्सला इकडं राहायला पाठवा.

भाडेकराराचंही तसंच. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच. तो सगळीकडे करतात तसा अकरा महिन्यांचा करायचं ठरलं. "अकराच?" दादा दचकले. "मंग बाराव्या महिन्यात झोपणार कुठं?" ऑनलाइन नोंदणीसाठी अंगठा लावायला ते माझ्या दुकानात आले. मशीनने अंगठा ओळखला नाही. दुसरा लावला, तोही नाही. जन्मभर भात लावून आणि काढून दादांच्या बोटांवरच्या रेषाच पुसून गेल्या होत्या. दहा बोटं करून झाली. मशीन म्हणत राहिलं, पुन्हा प्रयत्न करा. शेवटी दादा म्हणाले, "आरं, मी हाय रं. तुला दिसत नाय का?" मशीनला दिसत नव्हतं.

करार झाला तो अखेर धाकट्या भावाच्या नावाने. तो महापालिकेत नोकरीला, त्याचे अंगठे शाबूत होते.

पुढे सोमवारकर रुळला आणि त्याच्यातला बिलिंगवाला जागा झाला. त्याने दादांचं भाडं बांधकामाच्या बिलाच्या शिस्तीने द्यायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात 4,000 ऐवजी 3,800 हातावर ठेवले.

"दोनशे कमी हायेत," दादा म्हणाले.

"ते रिटेन्शन. पाच टक्के. बाथरूमच्या नळाचं काम अपूर्ण आहे. दुरुस्त झालं की सोडतो."

"नळाला पाणीच नाय तर त्यो दुरुस्त करून काय करू?"

बिनतोड मुद्दा होता. पाणी टँकरचं, दर दोन दिवसांनी, ड्रममध्ये. सोमवारकराने ड्रमचा व्यास मोजला, उंची मोजली, टँकरवाला दोनशे लिटर म्हणून सोडतो ते भरतं एकशे चौऱ्याहत्तरच, असा निष्कर्ष काढून टँकरवाल्याला दाखवला. टँकरवाल्याने ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी ड्रम एकशे साठवर आणून ठेवला. मोजमापाच्या वादात आपल्याकडे पाणी आहे की समोरच्याकडे, हे आधी बघावं, एवढं तो त्या उन्हाळ्यात शिकला.

पावसाळ्यात छप्पर गळलं तेव्हा त्याने दादांना 'दोष दायित्व कालावधी' समजावून सांगितला. दादांनी शांतपणे प्लास्टिकचा कागद टाकला आणि वर चार जुने टायर ठेवले. नंतरच्या आठवड्यात छप्पर पुन्हा गळलं. दादा म्हणाले, "आता त्यो कालावधी संपला."

खरी परीक्षा मात्र प्रवासाची. सोमवारी पहाटे तो नाशिकच्या द्वारकेवर येई. तिथून कसाऱ्याला शेअर टॅक्सी सुटतात. चौथा मागे, दोन पुढे, दार ओढून घट्ट. भाडं रोख, पावती नाही. कसाऱ्याला लोकल पकडायची, मधे उंबरमाळी आणि मग खर्डी. तिकीट किरकोळ. ही लोकल चुकली की फलाटावर बसून पुढचा तासभर लांब पल्ल्याच्या गाड्या मोजायच्या. कंपनीच्या पॉलिसीत मात्र 'टॅक्सी, बिल जोडून' असं एकच कलम होतं. म्हणजे नाशिकहून एकट्याने एसी गाडी करून आला असता तर हजारोंचं बिल पास. गुडघे हनुवटीला लावून आला तर शंका. लोकलचं ते किरकोळ तिकीट त्याने ए-फोर कागदावर चिकटवून पाठवलं. त्यावर शेरा आला: 'प्रवास संशयास्पद वाटतो. इतक्या कमी रकमेत कसा झाला, खुलासा करावा.'

खुलासा मी टाइप केला. त्याचे वीस रुपये झाले. त्याचं व्हाउचर वेगळं.

आणि थर्मल कागद! पेट्रोल पंप, मॉल, मोठी हॉटेलं यांची बिलं ज्या गुळगुळीत कागदावर येतात, त्यावरची अक्षरं उन्हात आणि खिशातल्या घामात महिन्याभरात उडून जातात. सोमवारकर महिनाअखेर बिलं भरे, तेव्हा त्यातली निम्मी कोरी झालेली असत. ती उजेडात तिरकी धरून 'इथे बघा, इथे चारशे बारा दिसतंय' असं तो मला सांगे आणि मी श्रद्धेने मान हलवी. अक्षरं उडण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा, हा सल्ला मी दिला. तो त्याने पाळला. मग अकाउंट्सचा शेरा आला: 'झेरॉक्स नको, ओरिजिनल जोडावे.' ओरिजिनल जोडलं तर शेरा: 'कोरा कागद जोडला आहे.'

रेव्हेन्यू स्टॅम्पचं तर विचारूच नका. पाच हजारांच्या वरच्या पावतीलाच एक रुपयाचं तिकीट लागतं, याचं भाडं 4,000, म्हणजे तिकिटाची गरजच नाही. पण अकाउंट्सला तिकीट हवं. एक रुपयाचं तिकीट मी पाच रुपयांना विकतो. पोस्टात जायचा वेळ, रांग आणि मास्तर जेवायला गेलेले, याचे चार रुपये होतात. सोमवारकराने ते घेतलं, पैसे दिले आणि हात पुढे केला.

"काय?" मी विचारलं.

"याची पावती."

पहिले सहा महिने सोमवारकर नुसतं खरं लिहीत असे. टँकरमधला वाटा 60. शेअर टॅक्सी 250. भाकरी-कालवण 80. दर महिन्याला खरं परत येई, सोबत लाल शेरे घेऊन. मग एका रात्री तो दुकान बंद व्हायच्या वेळेला आला. चेहऱ्यावर नुकतीच मांसाहाराला सुरुवात केलेल्या माणसाचे भाव.

"एक फॉरमॅट करायचाय," तो म्हणाला.

त्या रात्री आम्ही खर्डीतलं आयुष्य पॉलिसीत उतरवलं. टँकरचं पाणी 'सीलबंद पाण्याच्या बाटल्या' झालं. द्वारकेवरची चौथी सीट 'टॅक्सी' झाली. पुलावरच्या चहाचं 'साइट मीटिंग, अल्पोपाहार' झालं. डासांच्या अगरबत्तीचं 'आरोग्य व सुरक्षितता'. पण एका गोष्टीवर तो अडून बसला. बेरीज एक रुपयाने वाढता कामा नये. महिन्याचा खरा खर्च 9,316 झाला असेल तर व्हाउचर 9,316 चंच हवं. बाटल्यांचे 20 वाढले की तो अल्पोपाहारातले 20 कापे. रात्री अकरा वाजता आकडा जुळला, तेव्हा त्याने समाधानाने श्वास सोडला. बेरीज पैन् पै खरी, ओळ न् ओळ खोटी. ते व्हाउचर चार दिवसांत पास झालं आणि वर शेरा आला: 'असेच व्यवस्थित सादर करावे.'

यापुढे तो कंपनीला कधी चुकला नाही, कंपनीही त्याला नाही. पण घासाघिशीतून सुटल्याचं सुख कंपनीच्या नजरेला येतंच. एके दिवशी चौथ्या कंपनीने ठरवलं की आता हा पगारी माणूस नाही, कन्सल्टंट. महिन्याला ठरीव रक्कम, त्यातून दहा टक्के कर आधीच कापून. खोली, प्रवास, जेवण त्याचं त्याने बघावं. व्हाउचर बंद.

दुसरा कोणी सुटलो म्हणाला असता. याने मात्र दुप्पट जोमाने बिलं जमवायला सुरुवात केली. आता ती चौथ्या कंपनीसाठी नव्हती, इन्कम टॅक्ससाठी होती. प्रत्येक बिलाची लगेच झेरॉक्स, झेरॉक्सवर तारीख, तारखेप्रमाणे फाइल, फाइलवर लेबल. वर्षअखेर चार जाडजूड फायली घेऊन तो नाशिकला सीएकडे गेला.

सोमवारी परतला तो नाशिकमध्ये कोणी वारलं असावं अशा चेहऱ्याने. सीएने फायली उघडल्याच नव्हत्या. इंजिनिअरसारख्या व्यावसायिकांना कलम 44एडीए लागू होतं म्हणाला. वर्षाची आवक ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर तिच्यातली निम्मी उत्पन्न समजतात आणि निम्मी खर्चात गेली असं सरकार स्वतःच धरून चालतं. पुरावा मागत नाही, पावती बघत नाही.

"म्हणजे फायदाच की," मी म्हणालो.

"अहो, पण खर्च झाला हे त्यांनी असंच मानलं!" त्याचा आवाज भरून आला. "न विचारता!"

इतकी वर्षं जो माणूस आपण खर्डीत झोपतो हे सिद्ध करत आला, त्याच्यावर एकाएकी कोणीतरी विश्वास ठेवला आणि तोही इन्कम टॅक्सने. हा धक्का त्याला झेपला नाही. फायली त्याने टाकल्या नाहीत. त्या दादांच्या माळ्यावर अजून आहेत.

आता मावशींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. मावशी दादांच्या मागच्या घरात राहतात आणि चार-पाच सोमवारकरांना जेवू घालतात. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट, कधी भातसाच्या पाण्यातला मासा. जूनच्या पहिल्या सरींनंतर ठाकरवाडीतल्या बायका शेवळं घेऊन येतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. नाशिकच्या माणसाने शेवळाचं नावही ऐकलेलं नव्हतं. पहिल्याच घासाला त्याने विचारलं, घसा खाजत नाही ना? मावशी म्हणाल्या, काकडं घातल्याती, जेवा गपगुमान.

मावशींना लिहिता येत नाही. त्यांचा हिशेब स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. सोमवारकराच्या नावाने कोळशाची खूण: एक उभी रेघ म्हणजे एक वेळ जेवला, गोल म्हणजे सांगून जेवला नाही, फुली म्हणजे न सांगता जेवला नाही. चतुर्थीला चौकटीत काहीच नाही, कारण उपासाला पैसे लावायचे नसतात. सोमवारकराने पहिल्याच महिन्यात ते पान तपासलं. त्याचा धंदाच तो. आणि त्याला धक्का बसला. एकही खूण चुकलेली नव्हती. कुठल्या मंगळवारी तो अर्धी भाकरी टाकून फोनवर गेला, तेही तिथे अर्ध्या रेघेने होतं.

एकदा मात्र त्याला एक चौकट लागली नाही. 31 जुलै 2023 च्या रात्री सरळांब्याला पुलाच्या कामावरचं अवजड यंत्र कोसळलं आणि 20 माणसं गेली. हा तेव्हा दुसऱ्या टोकाला होता, फोन लागत नव्हता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिखलाने भरलेला परतला. 1 ऑगस्टच्या चौकटीत रेघही नव्हती, गोलही नव्हता, फुलीही नव्हती. त्याने विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "त्या दिशी तुमी येईपर्यंत घरात कोणीच जेवलं नाय. त्याला काय खूण करायची, मला ठाव नाय."

5 जून 2025 ला तो शेवटचा तुकडा खुला झाला. कसारा घाटाला वळसा नाही, बोगद्यातून काही मिनिटांत पार. नाशिकहून निघालेली गाडी खुटघरला हवी तर उतरावी, नाहीतर थेट आमण्याला. खर्डीशी तिचा संबंध नाही. ज्या रस्त्यासाठी सोमवारकर इथे इतका राहिला, त्या रस्त्याने आता इथे राहायचं कारणच उरलं नाही. दादांच्या तीनपैकी दोन खोल्या रिकाम्या झाल्या. तिसरीत तिसऱ्या लाइनचे साहेब आहेत. ती लाइन 2011 साली मंजूर झालेली, तेव्हा दादांना त्या खोलीची चिंता नाही.

निघायच्या आधी सोमवारकराने मावशींचा शेवटचा हिशेब केला. सगळी जुनी कालनिर्णयं त्यांनी खिळ्याला एकावर एक ठेवलेलीच होती. तो दोन संध्याकाळ बसला आणि माझ्याकडे आला तेव्हा हादरलेला होता.

"बाई दर महिन्याला कमी घेत आल्या आहेत. खुणा सगळ्या बरोबर आहेत आणि बेरीज सगळी चुकलीय. रानभाज्यांचे पैसे लावलेलेच नाहीत. ताप आला तेव्हाची पेज नाही. रात्रीचा चहा नाही."

"विचारलंत का?"

"विचारलं. म्हणाल्या, रानातलं रानानं दिलं. तापाचे कसले पैसे. आणि चहा त्या त्यांच्यासाठीच ठेवत होत्या, मी मधे आलो."

अशी चूक त्याने आयुष्यात बघितली नव्हती. ठेकेदाराची बेरीज नेहमी ठेकेदाराच्या बाजूने चुकते, हा त्याच्या शास्त्राचा पाया. त्याने रीतसर 'अतिरिक्त बाबींचा तक्ता' तयार केला. शेवळं, दर शहापूर बाजाराप्रमाणे. पेज, वाट्या अंदाजे. चहा, प्रतिकप. एकूण 6,430 रुपये. मी तो छापून दिला. तक्ता आणि नोटा घेऊन तो मागच्या घरी गेला.

"ह्ये काय?" मावशी म्हणाल्या.

"तुमचं माझ्याकडे निघतं."

"माझं निघतं आन् मलाच ठाव नाय?"

पैसे त्यांनी घेतले नाहीत. तक्ता घेतला. कागद चांगला जाड होता. त्यात त्यांनी पावशेर सुकट बांधली आणि त्याच्या पिशवीत घातली.

तो गेला. सध्या पालघरकडे, वाढवण बंदराच्या कामावर आहे. तक्त्याची दुसरी प्रत मात्र सवयीने फाइलला लागली आणि फाइलबरोबर चौथ्या कंपनीत गेली. पंधरा दिवसांनी त्याचा फोन. अकाउंट्सने शेवटची रक्कम अडवली होती. शेरा होता: 'सोबतच्या तक्त्यावरून आपणाकडे स्थानिक देणे रु. 6,430 बाकी असल्याचे दिसते. संबंधितांचा येणेबाकी नसल्याचा दाखला, ओरिजिनल, सादर करावा.' त्याच्या सगळ्या कागदांत कंपनीने आजवर जशीच्या तशी मान्य केलेली ही पहिली खरी ओळ.

दाखला मी टाइप करून मावशींकडे नेला. त्या ओट्यावर मासे साफ करत होत्या. वाचून दाखवला. "इतकंच?" म्हणाल्या, पदराला हात पुसला आणि शाईचा अंगठा ठसठशीत उमटवला. मी तो कुरिअरने पाठवला. आठ दिवसांनी परत आला. शेरा: 'दाखल्यास माशाचा वास येत असून शाई पसरली आहे. कृपया दुसरे ओरिजिनल पाठवावे.'

मावशींना पुन्हा कुठे त्रास द्यायचा? त्या दाखल्याची मी एक रंगीत झेरॉक्स काढली, अंगठ्याची शाई जरा गडद केली आणि पाठवून दिली. ती ओरिजिनल म्हणून दुसऱ्याच दिवशी मंजूर झाली.